एकाच बाकाचे चार भाव

"सर, ह्या कोडच्या शेवटी 'टी' हाय. टी म्हंजी काय?"

सोलापुरातल्या एका सुविधा केंद्रावर जुलैत बापलेक पर्यायांची यादी घेऊन बसले होते. वडील करमाळा तालुक्यातले. ऊस आणि थोडी केळी. मुलाला सीईटीत ऐंशीच्या वर पर्सेंटाइल. यादी मुलाने मोबाइलवर तयार केली होती आणि सायबर कॅफेवाल्याने ती छापून दिली होती. यादीत एकाच कॉलेजची एकच शाखा दोनदा आली होती. वडिलांना वाटलं, छापताना चूक झाली. टेबलामागच्या प्राध्यापकांनी समजावलं: टी लागलेली जागा शिक्षण शुल्क माफीची. प्रत्येक शाखेत पाच टक्के जागा मंजूर जागांच्या वर असतात, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर मागता येतात, आणि त्या मिळाल्या तर शिक्षण शुल्क भरावं लागत नाही. मात्र तिथं गुणवत्तेची रेषा वर जाते, आणि एकदा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलायची सोय नाही.

वडिलांनी विचारलं, "वर्ग तोच का?"

"वर्ग तोच, सर तेच, बाकही तोच."

"मग आमी येवढं पैशे कशापायी भरतोय?"

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हिशेब' हा विषय दिला तेव्हा मी कॉलेजच्या खर्चाचा हिशेब बघायचं ठरवलं होतं. कुठलं शिक्षण किती रुपयांना पडतं आणि त्या रुपयांचं पुढे काय होतं, एवढाच प्रश्न होता. प्रश्नातच गोची आहे हे त्या टेबलाशी कळलं. कॉलेजची फी म्हणून जो आकडा घरात चर्चेला असतो, तो फारच थोडी मुलं जशाच्या तशी भरतात.

पावतीवरचा आकडा

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी संस्थाचालकांच्या मनावर नसते, निदान कागदावर नसते. २०१५च्या कायद्यान्वये राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. कॉलेजने आपला खर्च मांडायचा, प्राधिकरणाने तपासून फी मंजूर करायची. म्हणून शेजारशेजारच्या दोन कॉलेजांची फी वेगळी असते, आणि जास्त फी म्हणजे जास्त चांगलं शिक्षण असा अर्थ निघत नाही. जास्त खर्च दाखवला आणि तो मान्य झाला, एवढाच निघतो.

मंजूर फीचे दोन मुख्य भाग असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. सवलती बहुतेक पहिल्या भागावर मिळतात. समजा, शिक्षण शुल्क एक लाख आणि विकास शुल्क पंधरा हजार आहे. खुल्या प्रवर्गातला, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा मुलगा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क वाचवतो. त्याला वर्ष पासष्ट हजारांना पडतं. या योजनेला लोक अजून 'ईबीसी' म्हणतात, आणि एका घरातल्या दोनच मुलांना ती मिळते. ओबीसी मुलालाही निम्मी माफी. त्याच बाकावरच्या ओबीसी मुलीला किंवा 'टी'वाल्या मुलाला पंधरा हजार. अनुसूचित जातीच्या मुलाला शिक्षण शुल्क नाही. आणि व्यवस्थापन कोट्यातून आलेल्याला पूर्ण एक लाख पंधरा हजार, त्यावर तोंडी काय ठरलं असेल ते वेगळं.

या सगळ्याची किल्ली एकच आहे: प्रवेश केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे 'कॅप'मधून झाला का? कॅपमधून झाला तर सवलती, नाही तर नाही. संस्थास्तरावर घेतलेली जागा, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ यांत यातल्या बहुतेक योजना चालत नाहीत. हे जाहिरातीत नसतं. मे महिन्यात खासगी विद्यापीठांचे फोन सुरू होतात: 'सीट ब्लॉक करून ठेवा, नंतर मिळणार नाही.' घाबरलेले पालक पंचवीस-पन्नास हजार भरून मोकळे होतात आणि जुलैत कॅपची यादी लागते तेव्हा पैसे अडकलेत म्हणून तिकडेच जातात. मला भेटलेल्या बार्शीच्या एका शिक्षकांनी हेच केलं होतं. कॅपमधून त्यांच्या मुलीला बरं कॉलेज मिळत होतं, तेही बिनशुल्क. चार वर्षांचा फरक त्यांनी माझ्यासमोरच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढला आणि मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

फेऱ्यांचे नियमही नीट वाचावे लागतात. २०२५च्या प्रवेशांपासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला तरी तेच. म्हणजे यादीतला क्रम हीच सही. 'वर टाकून बघू, मिळालं तर विचार करू' हे आता चालत नाही. तरी टेबलांवर ऐकू येणारं सगळ्यात जास्त वापरातलं वाक्य तेच होतं.

आणि कागद. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, जात पडताळणी. पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर राखीव जागा जाते आणि मुलगा खुल्या यादीत येऊन पडतो. एका सहीला लागणाऱ्या उशिराची किंमत चार वर्षांत लाखांवर जाऊ शकते.

मुलींची माफी आणि मेसचं बिल

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं होतं. अलीकडच्या काळात घरातल्या बोलण्यावर इतका परिणाम करणारा दुसरा निर्णय मला आठवत नाही. कुंभारीच्या विडी घरकुलात एक आई भेटली. दिवसाला हजारभर विड्या वळणारी. थोरल्या मुलीला बारावीनंतर थांबवलं. धाकटी आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरातच. "थोरलीच्या टायमाला हे असतं तर," एवढं बोलून तिने पुन्हा सूप मांडीवर ओढलं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याचीही शिष्यवृत्ती आहे, इयत्तेप्रमाणे १ हजारापासून २५ हजारांपर्यंत; घरकुलातल्या किती घरांना ती मिळते, यावर तिथल्या बायका नुसत्या हसल्या.

धाकटी सोलापुरातच का? कारण माफी फीची आहे, पुण्याची नाही.

राज्य सरकारने पुण्यात राहण्याचा खर्च किती धरला आहे, ते स्वाधार योजनेत दिसतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना या योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. फोड अशी: जेवणाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. बारा महिन्यांत वाटलं तर खोलीभाडं महिन्याला सोळाशे सहासष्ट. मी कोथरूडला आणि पेठांत विचारत फिरलो. 'कॉट बेसिस'वर, म्हणजे एका खोलीत तीन-चार जण आणि भाडं कॉटचं, चार हजारांच्या आत कुणी बोलायला तयार नव्हतं. मेसचे दोन वेळचे तीन हजारांच्या पुढे, रविवारी संध्याकाळी सुट्टी. त्या संध्याकाळचा वडापाव कुठल्याच हिशेबात नसतो.

तेव्हा फी माफ झालेली, पण पुण्यात राहिलेली मुलगी वर्षाला लाखाच्या आसपास खर्च करते, आणि अर्धी फी भरून घरून ये-जा करणारा मुलगा तिच्याहून स्वस्तात शिकतो. घरापासूनचं अंतर हे महाराष्ट्रातल्या शिक्षणाचं सर्वांत मोठं शुल्क आहे, आणि त्याला कुठलंच प्राधिकरण मंजुरी देत नाही. ज्यांना हे लवकर कळलं त्यांनी आधी वसतिगृहं बांधली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१मध्ये बोर्डिंग काढलं, आणि १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या भाऊराव पाटलांनी वसतिगृहाला शाळेइतकंच महत्त्व दिलं.

चार लाखांचे साडेआठ

विनाअनुदानित इंजिनिअरिंगचं दार १९८३मध्ये वसंतदादा पाटलांनी उघडलं. तोवर पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी हातावर मोजण्याजोगी नावं होती आणि पैसेवाल्यांची मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात. दार उघडलं ते बरंच झालं, असं माझं मत आहे. पण पैसे कुठून आणायचे हा प्रश्न त्या दिवसापासून घरात येऊन बसला.

बँकेतला अधिकारी सांगतो ते सोपं वाटतं. चार लाखांपर्यंत तारण नाही, आईवडील सहकर्जदार, शिक्षण चालू असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नाही. पालकांच्या कानात 'हप्ता नाही' एवढंच राहतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख घेतले आणि व्याज दहा टक्के सरळव्याजाने धरलं, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. हप्ता सुरू होण्याआधीच चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सात हजार शंभराच्या वर हप्ता. सगळे मिळून साडेआठ लाखांच्या थोडे पुढे.

आता दुसरी बाजू. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवरून घाऊक भरती करतात, तिथला सुरुवातीचा पगार बरीच वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. कापाकापी होऊन हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास. त्यातून सात हजार हप्ता, पुण्यातली कॉट, मेस. जमतं, पण गावाकडे पाठवायला उरत नाही. आणि हा हिशेब नोकरी लगेच लागली, बॅक राहिली नाही, वायडी म्हणजे 'इयर डाउन' झाली नाही, असं धरून. वर्ष गेलं की त्या वर्षाचं कॉटभाडं आणि मेस वाढते, चालू व्याज वाढतं आणि पगाराचं पहिलं वर्ष जातं. तिन्ही एकदम.

कर्जाच्या अटीत एक विचित्र गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण नको, जामीनदार नको, आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. पण ती देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांसाठी, सुरुवातीला ८६०. म्हणजे जिथं नोकरीची खात्री जास्त तिथं कर्ज स्वस्त, आणि तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्याला महाग. बँकेच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. शिवाय बँकेच्या शाखेत खरी अडचण निराळीच येते: बापाच्या पीककर्जाची थकबाकी. पोराची टक्केवारी बघायच्या आधी बापाचा सिबिल बघतात.

इंजिनिअरिंगच्या शाखेचंही तसंच विचित्र. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५पासून जागांची कमाल मर्यादा काढली आणि कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या भराभर वाढवल्या. सुविधा केंद्रावर कुणीच सिव्हिल मागत नव्हतं. चार वर्षांनी या सगळ्यांना एकाच दारात उभं राहायचं आहे.

थांबे असलेली वाट

दहावीनंतर अकरावी-बारावी आणि चार वर्षं इंजिनिअरिंग: एकूण सहा वर्षं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन तीन वर्षांची पदवी: एकूण सहा वर्षं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी: दोन, दोन आणि तीन, सात वर्षं. फक्त एक वर्ष जास्त. आणि वाटेत सीईटी नाही, तिच्या क्लासची फी नाही.

हे मी ज्या ज्या पालकांना सांगितलं, त्यांनी बोटं मोजून पाहिली आणि मग म्हणाले, "पण आयटीआय म्हणजे..." वाक्य कुणीच पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

या वाटेचा खरा फायदा पैशांपेक्षा थांब्यांचा आहे. घरी आजारपण आलं, पाऊस गेला, मुलगा दोन वर्षांनी थांबला तरी हातात इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचं प्रमाणपत्र असतं. चार वर्षांनी थांबला तर डिप्लोमा असतो. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाऊन तिसऱ्या वर्षात सुटलेल्याच्या हातात बारावीची गुणपत्रिका आणि कर्ज. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआरवाल्याला मी विचारलं, असं प्रमाणपत्र घेऊन कुणी आलं तर? तो म्हणाला, "आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही."

सरकारचा स्वतःचा रकाना मात्र बघण्यासारखा आहे. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. आयटीआय आणि पदवी यांत दोन हजारांचा फरक. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९च्या नियमांतही किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला ७ हजार, पदवीधराला ९ हजार. तिथंही फरक दोन हजारांचाच.

वाट गुळगुळीत आहे असं नाही. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांना 'एम-थ्री' म्हणजे तिसरा गणिताचा पेपर घाम फोडतो. बारावीचं कॅल्क्युलस त्यांनी केलेलं नसतं आणि सर ते येतं असं धरून चालतात. एका प्राध्यापकांनी सांगितलं, प्रॅक्टिकलला हीच मुलं बाकीच्यांना शिकवतात आणि गणितात हीच अडकतात. आणि आयटीआय झालेल्याला कायम नोकरी सहसा मिळत नाही. अप्रेंटिसशिप संपली की ठेकेदाराच्या हजेरीवर.

बीएची फी पुण्यात भरतात

सर्वांत स्वस्त पर्याय कुठला, असं विचारलं तर अनुदानित कॉलेजातलं बीए किंवा बीकॉम. शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे वर्षाची फी काही हजारांत भागते. घरचा डबा, एसटीचा पास. कुणी मुक्त विद्यापीठातून करतं, तेही नोकरी सांभाळून. पदवीच्या दिवशी घराला कर्ज नसतं.

मग पोरगं पुण्याला जातं. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड. अभ्यासिकेची एक खुर्ची, कॉट, मेस, क्लास, टेस्ट सिरीज. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे 'अजून एक अटेम्प्ट' म्हणायला जागा भरपूर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा जुन्या वस्तुनिष्ठ पद्धतीवर घासलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बीएची तीन वर्षं वीस हजारांत झालेली असतात. पुढची पाच वर्षं पाच लाखांना पडतात, आणि ती बहुतेक योजनांत 'शिक्षण' म्हणून धरली जात नाहीत. स्वाधार नाही, कर्ज नाही, वसतिगृह नाही. माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात महाग शिक्षण हे आहे.

मोहोळ तालुक्यातले दोन भाऊ. थोरला बीए होऊन पुण्यात. पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य एकदा तीन गुणांनी गेली. धाकट्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, अप्रेंटिसशिप झाली, आता चिंचोळीला ठेकेदाराकडे. ओव्हरटाइम धरून महिन्याला सतरा-अठरा हजार उचलतो. दर महिन्याच्या सात तारखेला त्यातले आठ हजार फोनवरून थोरल्याला जातात.

धाकट्याला मी गेटसमोरच्या टपरीवर भेटलो, पहिली पाळी सुटल्यावर. त्याला थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा करायचा आहे. सोलापूरच्या सरकारी तंत्रनिकेतनाची माहिती त्याने काढली आहे, आपले गुण कुठल्या यादीत बसतील तेही त्याला पाठ आहे. पण दिवसाचं कॉलेज म्हणजे काम सोडावं लागणार, आणि काम सोडलं तर पुण्याचे आठ हजार बंद. घरची तीन एकर कोरडवाहू आहे. तिथून एकाचंही निघत नाही.

"दादाचा निकाल लागू दे, मग बघू म्हणतात आप्पा."

"आणि दादा काय म्हणतो?"

"दादा म्हणतो, औंदा फॉर्म भरून ठेव." त्याने चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत. "पण मेन्सचा निकाल लागंस्तवर प्रवेशाची मुदत संपलेली असती, सर. मागच्या साली बी तसंच झालं."